लिस्बन पायी, दोघांसाठी एक दिवस: चढ लिफ्टवर सोडा, उतार पायांनी

लिस्बनच्या नकाशावर सगळं हाताशी दिसतं. रोसिउ चौकापासून किल्ला बोटभर अंतरावर. प्रत्यक्षात त्या बोटभरात शंभरेक मीटरचा चढ आहे आणि तो पायऱ्या, गुळगुळीत दगड आणि ट्रामचे रूळ यांच्यातून जातो. म्हणून या शहरातला दिवस किलोमीटरवर आखू नये, उंचीवर आखावा. लिस्बन महापालिकेने आणि मेट्रोने जागोजागी लिफ्ट आणि सरकते जिने बसवले आहेत, त्यांना तिकीट लागत नाही. मोठे चढ त्यांच्यावर सोडायचे आणि उतरताना मात्र रमतगमत पायी यायचं. खालचा मार्ग याच हिशोबाने लावला आहे: सकाळी पश्चिमेची टेकडी, दुपारी नदीकाठचा सपाट भाग, संध्याकाळी पूर्वेची टेकडी आणि रात्री उतरत उतरत अल्फामाची जुनी वस्ती.

एक सूचना आधीच. नावं इथे पोर्तुगीज उच्चाराच्या जवळपास लिहिली आहेत, पाटीवरचं स्पेलिंग बरंच वेगळं दिसेल. आदल्या रात्री हॉटेलवर बसून दोघांपैकी एकाने सगळी ठिकाणं फोनच्या नकाशात खुणा करून ठेवावीत आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्यावा. अल्फामाच्या बोळांत सिग्नलचा भरवसा नसतो.

वार कोणता, काय सोडायचं

रविवारी कार्मू मठातलं संग्रहालय बंद असतं आणि सोमवारी पँथिऑन, म्हणजे राष्ट्रीय समाधिस्थळ. हे दोन वार टाळा. मंगळवार आणि शनिवारी सांता क्लारा मैदानात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. शनिवारी गर्दी फार, म्हणून माझं मत मंगळवारला. महिन्यांत एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या वर सहज जातो आणि पांढऱ्या दगडांवरून ऊन परत तोंडावर येतं. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि डिसेंबरमध्ये सव्वापाचलाच, तेव्हा संध्याकाळचं वेळापत्रक तेवढं पुढेमागे करा.

या दिवसातून तीन प्रसिद्ध गोष्टी मी मुद्दाम वगळल्या आहेत. पहिली, बेलें. वास्को द गामाची कबर असलेला जेरोनिमुश मठ तिथे आहे आणि तो बघायलाच हवा, पण बेलें मध्यभागापासून सहा किलोमीटरवर आहे. त्याला दुसऱ्या दिवसाची सकाळ द्या. दुसरी गोष्ट सांव जॉर्जचा किल्ला. दोघांचं तिकीट तीस युरोंच्या घरात किंवा वर जातं. आज दिसतात त्या तटांची बरीचशी डागडुजी १९३८ ते १९४० च्या सुमाराची आहे, आणि किल्ल्यावरून दिसणारं दृश्य त्याच टेकडीवरच्या दोन-तीन जागांवरून फुकट दिसतं. ज्यांना तट-बुरूज म्हटल्यावर राहवत नाही त्यांनी जावं, पण मग दुपारची दुसरी एखादी गोष्ट सोडावी लागेल.

तिसरी, २८ नंबरची पिवळी ट्राम. दिवसा तिच्यात उभं राहायला जागा नसते आणि खिसेकापूंना तीच गर्दी सोयीची. ती बाहेरून बघायलाच जास्त छान दिसते. हौस फेडायचीच असेल तर रात्री ग्रासाच्या टेकडीहून खाली येताना दोन-चार थांबे बसा. आणि टेकडीवर चढणाऱ्या जुन्या केबल-गाड्यांवर बेत बांधू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरिया मार्गावरच्या गाडीला अपघात होऊन १६ माणसं गेली, त्यानंतर या गाड्या बंद ठेवल्या गेल्या. पुढच्या मार्गात त्यांची गरज पडत नाही.

पायात काय, पिशवीत काय

लिस्बनचे फुटपाथ हाताने बसवलेल्या चुनखडीच्या लहान लहान तुकड्यांचे असतात. शे-दीडशे वर्षं पावलं पडून ते घोटल्यासारखे झाले आहेत आणि पावसाची एक सर आली की निसरडे होतात. रबरी तळव्याचे, खाच असलेले, आधीपासून वापरातले बूट घाला. फोटोसाठी म्हणून नवी चप्पल किंवा टाचेचे बूट आणले असतील तर ते रात्रीच्या जेवणापुरतेही नकोत, कारण ते जेवण अल्फामात आहे.

नळाचं पाणी पिण्यालायक आहे, तेव्हा दोघांत एक बाटली पुरे. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण लहान खानावळीत फक्त स्थानिक बँकांची कार्डं घेतात, म्हणून चाळीस-पन्नास युरो रोख ठेवा. पैसे काढताना बँकेच्या दारातलं यंत्र वापरा, आणि यंत्राने रुपयात हिशोब करू का असं विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा. दोघांची कार्डं आणि पासपोर्ट एकाच पाकिटात ठेवू नका. फोनही एकानेच बाहेर काढावा. दुसऱ्याची बॅटरी रात्रीसाठी शिल्लक राहते.

सकाळ: रोसिउ ते कार्मू

साडेआठला रोसिउ चौकात पोचा. पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा दिसतील. घाईने ओलांडू नका, कारण दहानंतर त्या माणसांखाली दिसेनाशा होतात. चौकाच्या कोपऱ्याआड सांव दोमिंगुशचं चर्च आहे. बाहेरून साधं, आत गेल्यावर पाय थबकतात. १९५९ च्या आगीत हे चर्च आतून जळालं, आणि ते पुन्हा उघडताना खांबांचे तडकलेले, भाजलेले दगड तसेच ठेवले. बाहेरच्या चौकात १५०६ च्या कत्तलीचं स्मारक आहे. बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंना तेव्हा जमावाने मारलं आणि त्याची सुरुवात याच चर्चमध्ये झाली. इन्क्विझिशन आपल्याला गोव्यामुळे ठाऊक असतं. पोर्तुगालमध्ये ते या कत्तलीनंतर तीस वर्षांनी, १५३६ मध्ये आलं.

इथून बायशा भागातून पाच-सात मिनिटं सरळ चाला आणि रुआ दु क्रुसिफिक्सूवरच्या मेट्रो स्टेशनात शिरा. गाडी पकडायची नाही. आतल्या सरकत्या जिन्यांची एकामागून एक रांग तुम्हाला थेट शियादूच्या चौकात वर काढते. वाटेत तिकिटाचं फाटक नाही. बाहेर पडलात की समोर १९०५ पासूनचा ‘अ ब्राझिलैरा’ कॅफे आणि त्याच्या दारात खुर्चीवर बसलेला कवी फेर्नांदू पेसोआचा ब्राँझचा पुतळा. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसून फोटो काढायला सकाळी रांग नसते. कॉफी बाहेरच्या टेबलावर नको, आत काउंटरवर उभ्याने घ्या, इथे ते स्वस्त पडतं. छोट्या कडक कॉफीला लिस्बनकर बीका म्हणतात. साध्या कॅफेत ती एक-दीड युरोत मिळते. सोबत पॅश्टेल द नाता (कस्टर्ड-टार्ट) घ्यायचा असेल तर लक्षात घ्या, त्यात अंड्याचा बलक भरपूर असतो. स्वच्छतागृहही इथेच उरकून घ्या. युरोपात कॉफीच्या पैशात तेही येतं.

त्याच रस्त्यावर बर्ट्रांड पुस्तकांचं दुकान आहे. १७३२ पासून चालू असलेलं, जगातलं सर्वांत जुनं चालतं दुकान अशी त्याची नोंद आहे. इथे दोघांनी अर्धा तास वेगळं व्हायला हरकत नाही. माझा नवरा पुस्तकांच्या दुकानात शिरला की बाहेर येण्याची वेळ सांगता येत नाही, म्हणून मी ‘कार्मूच्या फाटकापाशी भेटू’ एवढं ठरवून पुढे होते. दिवसभर खांद्याला खांदा लावून चाललं की दुपारी चारपर्यंत कोण कुणामुळे दमलंय यावर वाद होतो. भेटीची जागा आणि वेळ मात्र आधी ठरवावी, फोनवर विसंबू नये.

कार्मूच्या मठासाठी तिकीट काढा, दिवसभरात जे एक-दोन काढायचे त्यात हे पहिलं. १३८९ मध्ये सुरू झालेला हा गॉथिक मठ. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी, सर्व संतांच्या सणाची प्रार्थना चालू असताना, भूकंप झाला. छप्पर कोसळलं ते पुन्हा घातलं नाही. कमानींचे सांगाडे तेवढे उभे आहेत आणि वर आकाश. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चं पाहिलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचं वाटेल. तिथे गवत आणि ताडाची झाडं आहेत, इथे आखीव हिरवळ. मागच्या दालनात संग्रहालय आहे. काय काय गोळा केलंय म्हणाल तर पेरूतल्या दोन ममीसुद्धा.

बाहेरचा चौकही सोडू नका. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीत पंतप्रधान मार्सेलू काएतानू याच चौकातल्या लष्करी पोलिसांच्या कचेरीत लपले होते, आणि संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली तो हाच दिवस. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते मान्य केलं नव्हतं. भारताचं गोव्यावरचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार झाला तो या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ ला. गोव्याहून येणाऱ्या वाचकांनी या चौकात दहा मिनिटं जास्त बसावं.

मठाच्या बाजूने मागच्या गच्चीवर जा. सांता जुश्ताच्या लोखंडी लिफ्टचं वरचं टोक तिथून समोर येतं. ४५ मीटर उंच, १९०२ ची. लिफ्ट चालू असते तेव्हा खाली लोक तासभर रांगेत उभे असतात, तुम्ही आधीच वर आलेले आहात.

सांव रोक, आणि खाली

पाचेक मिनिटांवर सांव रोकचं चर्च. दर्शनी भाग इतका साधा की बहुतेक लोक पुढे निघून जातात. हे जेझुइटांचं चर्च १७५५ च्या भूकंपातून जवळजवळ धडधाकट वाचलं. डावीकडच्या एका कप्प्यात संत योहानाचं उपासनागृह आहे. ते रोममध्ये बांधून, सुटं करून, १७४७ मध्ये जहाजाने इथे आणून पुन्हा जोडलं. त्यातले निळे खांब लाजवर्दाचे. पण आपल्यासाठी खरी जागा म्हणजे मागची सॅक्रिस्टी, पाद्र्यांची तयारीची खोली. भिंतीवर ओळीने वीस चित्रं आहेत, फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यातल्या प्रसंगांची, सतराव्या शतकात आंद्रे रैनोझूने काढलेली. झेवियर याच शहरातून एप्रिल १५४१ मध्ये निघाला आणि मे १५४२ मध्ये गोव्यात उतरला. जुन्या गोव्यात बाँ जेजूच्या बासिलिकेत त्याची पेटी पाहिलेली असेल तर त्या कथेचं दुसरं टोक इथे सापडतं. चर्चला तिकीट नाही. सोमवारी सकाळी मात्र दार बंद असतं.

आणखी तीन मिनिटांवर सांव पेद्रू दि अल्कांतारा नावाची बागेसारखी गच्ची आहे. दरीपलीकडे किल्ल्याची टेकडी दिसते, दुपारनंतर तुम्ही तिथेच असणार आहात. उतरायला सांव रोकपाशी परत येऊन काल्सादा दु दूकच्या पायऱ्या धरा, दहा मिनिटांत रोसिउ. या पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या. म्हणूनच सकाळचा क्रम असा लावला.

जेवण

दुपारी साडेबारा ते तीन ही खानावळींची वेळ. ज्यांच्या दारात माणूस उभा राहून मेन्यूचे फोटो दाखवतो तिथे जाऊ नका. मागच्या गल्लीत, कागदावर हाताने ‘आजची थाळी’ लिहिलेली साधी जागा शोधा. बसताच टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येईल. ते फुकट नसतं, हात लावला की बिलात लागतं. नको असेल तर हसून परत द्या, कुणी वाईट मानत नाही. एक दोझ म्हणजे पूर्ण थाळी बहुधा दोघांना पुरते आणि पुष्कळ ठिकाणी मैया दोझ म्हणजे अर्धी थाळीही मिळते. दोघांनी दोन पूर्ण थाळ्या मागवल्या तर दुपारचा चढ लिफ्टनेही जड जाईल.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. सुक्या खारवलेल्या कॉड माशाचे अनंत प्रकार, आणि जूनमध्ये कोळशावर भाजलेल्या तारल्या. शाकाहारी असाल तर ‘सैं कार्न, सैं पैश’ म्हणजे मांस नको, मासा नको, हे पाठ करा. भाज्यांचं घोटलेलं सूप बहुतेक ठिकाणी मिळतं, पण पाणी मांसाचं नाही ना ते विचारा. काल्दू व्हेर्द नावाच्या हिरव्या सूपात सॉसेजचा तुकडा टाकतात. कॅफेच्या काचेत समोसा दिसेल, त्याला शामूसा म्हणतात. तो गोव्याकडून तिकडे गेला, पण आत बहुतेकदा खिमा असतो. भात-आमटीची आठवण फारच अनावर झाली तर रोसिउपासून पाच-सात मिनिटांवर मार्तीं मुनीशच्या भोवती भारतीय आणि बांगलादेशी खानावळी आहेत. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादू’ म्हणायचं, बाईने ‘ओब्रिगादा’.

नदीकाठ: जे पडलं आणि जे पुन्हा बांधलं

रुआ आउगुस्ता या सरळसोट रस्त्याने नदीकडे निघा. वाटेत कुणी दबक्या आवाजात अमली माल विकायला आला तर न थांबता पुढे चला. तो माल बहुधा खोटा असतो, माणसं फक्त चिकट. रस्ते काटकोनात कापतात हे जाणवेल. भूकंप, मागून तेजू नदीतून आलेली त्सुनामी आणि कित्येक दिवस पेटलेली आग यांत हा भाग सपाट झाला. मग राजाचा मंत्री पोंबाल याने तो नव्याने आखला. भिंतींच्या आत लाकडी चौकटींचे पिंजरे बसवले, जेणेकरून पुढच्या हादऱ्यात घरं लवतील पण पडणार नाहीत.

कमानीतून बाहेर आलात की प्रासा दु कोमेर्सियू. तीन बाजूंनी पिवळ्या इमारती, चौथीकडे नदी. इथे राजवाडा होता. काझा दा इंडिया, म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी, तीही इथेच होती. १७५५ मध्ये तिचे दप्तरखाने गेले, आणि गोव्याच्या इतिहासातली कितीतरी पानं त्यांच्याबरोबर. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर थोडं बसा. शेवाळावर पाय ठेवू नका.

डावीकडे नदीला समांतर पाच मिनिटांवर काझा दुश बीकुश आहे, हिऱ्याच्या पैलूंसारखे टोकदार दगड बसवलेलं घर. ते १५२३ मध्ये बांधलं अफोन्सु द अल्बुकर्कच्या मुलाने. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला. घर कुठल्या पैशाचं याचा अंदाज ज्याने त्याने करावा. आज तिथे लेखक जुझे सारामागू यांची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी.

तिथून थोडं वर चढून से, म्हणजे शहराचं मुख्य कॅथेड्रल. ११४७ मध्ये मूर लोकांकडून शहर जिंकल्यावर मशिदीच्या जागी बांधायला घेतलं. त्याच्या पायथ्याशी संत अंतोनिओच्या जन्मस्थानी चर्च आहे. हा लिस्बनमध्ये लग्नं जुळवणारा संत मानतात. दरवर्षी १२ जूनला महापालिका काही जोडप्यांची लग्नं आपल्या खर्चाने लावून देते, त्यांतली धार्मिक पद्धतीची इथे सेमध्येच लागतात. त्या रात्री आणि १३ तारखेला अल्फामाभर तारल्यांचा धूर असतो. गर्दी आवडत असेल तरच त्या दिवसांत या.

पूर्वेची टेकडी

सेपासून रुआ दा मादालेनाने उत्तरेकडे सहा-सात मिनिटं चाला. शाओं दु लोरैरूच्या इमारतीत सुपरमार्केट आणि पार्किंग आहे, तिथली लिफ्ट तुम्हाला किल्ल्याच्या कुशीतल्या रस्त्यावर सोडते. बायशातून थेट येणार असाल तर रुआ दुश फांकैरुशवर याआधीचीही एक लिफ्ट आहे. दोन्ही फुकट.

वळसा घालून सांता लुझियाच्या गच्चीवर या. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवरचं निळं फरशीचित्र नीट बघा: भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक, राजवाड्यासकट. तासाभरापूर्वी ज्या जागी उभे होतात ती जागा ओळखता येते का ते पाहा. पलीकडच्या पोर्ताश दु सोलवरून अल्फामाची छपरं उतरत नदीपर्यंत जातात. बायशा नदीच्या गाळावर होती म्हणून कोसळली, अल्फामा खडकावर होता म्हणून बराचसा वाचला. दुपारी ऊन पाठीमागून येतं, त्यामुळे फोटो सकाळपेक्षा चांगले निघतात.

दहा मिनिटं जवळजवळ सपाट चालून सांव व्हिसेंत द फोराचा मठ येतो. ओवऱ्यांतल्या फरशांवर प्राण्यांच्या बोधकथा आणि वर गच्ची. दम असेल तर आत जा, नसेल तर थेट मागच्या सांता क्लारा मैदानात. बाजार मंगळवारी असला तरी दुपारी तीननंतर विक्रेते आवरायला लागतात. जुन्या फरशा, बटणं, ग्रामोफोन यांत रमणारे असाल तर दिवस उलटा करा: सकाळी ही टेकडी, संध्याकाळी शियादू.

मैदानाच्या खालच्या अंगाला पँथिऑनचा पांढरा घुमट. १६८२ मध्ये चर्च म्हणून सुरू झालेली ही इमारत १९६६ मध्ये पूर्ण झाली, त्यामुळे न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीज लोक याच चर्चचं नाव देतात. वास्को द गामा आणि अल्बुकर्क यांच्या नावाच्या रिकाम्या समाध्या आत आहेत. रिकामी नसलेली एक समाधी आमालिया रोद्रिगेश या फादू (लिस्बनचं दर्दभरं गाणं) गायिकेची, तिच्यापुढे रोज ताजी फुलं दिसतात.

आता दिवसातला एकच चढ असा आहे की ज्याला लिफ्ट नाही: ग्रासापर्यंत दहा-पंधरा मिनिटं. सूर्यास्ताआधी तासभर निघा. गच्चीवर पाइनची झाडं आणि कॅफे आहे. आणखी वर सिन्योरा दु मोंतवरून दृश्य थोडं मोठं दिसतं, पण बसायला जागा मिळणं कठीण. ज्याचे गुडघे बोलायला लागले असतील त्याने ग्रासालाच थांबावं, दुसऱ्याने वर जाऊन यावं.

रात्र: अल्फामा आणि फादू

अंधार पडल्यावर सांव व्हिसेंतवरून पायऱ्या उतरत अल्फामात या, वीसेक मिनिटं लागतात. फादूच्या घरात आधी जागा राखून ठेवा आणि तेव्हाच तीन गोष्टी विचारा: किमान खर्च माणशी किती, गाणं किती वाजता सुरू होतं, शाकाहारी काय आहे. मोठ्या घरांत जेवणासह माणशी पन्नास युरो सहज लागतात. लहान खानावळीत हौशी लोक गातात, तिथे स्वस्त पडतं आणि कधीकधी गाणं जास्त भिडतं. दिवे मंद झाले की बोलणं बंद, काटे-चमचे खाली. गाणं चालू असताना वेटरही थांबतो. फोनवर चित्रण करायचं तर आधी विचारा. दाद शेवटी टाळ्यांनी.

परतताना बोळांत टॅक्सी येत नाही. खाली नदीकडे उतरत राहा, सांता आपोलोनियाचं मेट्रो स्टेशन लागेल. मेट्रो रात्री एकपर्यंत चालते आणि बँक कार्ड फाटकावर टेकवून आत जाता येतं, मात्र दोघांनी आपापलं वेगळं कार्ड टेकवायचं. एका कार्डावर दोघं जाता येत नाही.